नंबराची झोनबंदी

आज बचतीचा हिशोब नाही की कर्जाचा हप्ता नाही. आज मी मोबाइल कंपन्यांचा इतिहास सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, इतिहास शिवाजी महाराजांचा असतो, अहिल्यादेवींचा असतो. सिमकार्डाचा कसला आलाय इतिहास? पण आहे. आणि तो कुणी सांगितला नाही म्हणून आमच्या गटातल्या एका आक्कांचे चार रोज बुडाले.

झालं असं. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली. आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो, तो टाकायचा, एवढंच काम. आक्कांचा ओटीपी काही येईना. मी विचारलं, “आधारला कुठला नंबर दिला होता?” त्यांना आठवेना. शेवटी पेटीतल्या एका जुन्या कागदावर तो सापडला. त्या नंबरावर फोन लावला, तर पलीकडून कुणी परका माणूस बोलला. आक्कांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “ताई, नंबर माझा होता ना? मग माझ्या नंबरावर हा बाप्या कसा काय बोलतो?”

त्या नंबरानंतर आक्कांची तीन सिमं झाली होती. एक मुलानं फुकट मिळतंय म्हणून आणलं, एक मालकांनी स्कीम आहे म्हणून घेतलं, तिसरं भाच्यानं जुना फोन दिला त्यातच होतं. आधीचा नंबर रिचार्ज नाही म्हणून बंद पडला. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जातो, हे आक्कांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग आधार केंद्राची रांग, नवा नंबर जोडणं, तो जोडला जाईपर्यंत वाट बघणं. ऐन कामाच्या दिवसांत चार रोज गेले.

आक्कांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. नंबर कुणाचा असतो? कंपनी निवडायची कुणी? याचं उत्तर शोधायला मागं जावं लागतं.

आपल्या कोल्हारच्या माणसाला हे समजावून सांगायला सोपं आहे, कारण आपण उसाच्या पट्ट्यातले. शेजारी लोणीला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. मग महाराष्ट्रभर कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्यासोबत झोनबंदी आली. ज्या कारखान्याच्या हद्दीत तुमचं रान, त्याच कारखान्याला ऊस घालायचा. पलीकडचा कारखाना चार पैसे जास्त देत असला तरी तिकडे जाता येत नव्हतं. पुढं झोनबंदी उठली, तेव्हा शेतकऱ्याला पहिल्यांदा ‘माझा ऊस मी कुठंही घालीन’ असं म्हणता आलं. टेलिफोनचा इतिहासही असाच आहे, फक्त उसाच्या जागी नंबर धरा.

आधी तर एकच दुकान होतं, सरकारचं. घरात फोन लावायचा तर अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं. १९८४ साली सॅम पित्रोदा यांच्या पुढाकारानं सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. तिनं खेड्यांसाठी १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज तयार केलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती, धुळीत आणि उन्हाळ्यात ते चालायचं. असलं पहिलं एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला, म्हणजे राणी चन्नम्माच्या गावी बसलं. त्यातूनच पुढं गावोगावी एसटीडीची पिवळी बूथं आली.

माझी आई रात्री जेवणं उरकून मला घेऊन अशा बूथवर जायची. मामा मुंबईला. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून तोवर जागायचं. आत काचेच्या खोलीत आई बोलायची, पण डोळे मात्र मीटरच्या लाल आकड्यांवर. आकडा पुढं सरकला की वाक्य आखूड व्हायचं. “सगळे बरे आहेत, ठेवते.” तिच्या हातात कंपनीची निवड नव्हतीच. होती ती फक्त वेळेची, तीही झोप मोडून.

मोबाइल आला १९९५ साली. ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्यातून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलून सेवेची सुरुवात केली. सरकारनं देशाचे भाग पाडले, त्यांना सर्कल म्हणतात. आता इथं लक्ष द्या. मुंबई हे एक सर्कल, आणि गोव्यासह उरलेला महाराष्ट्र हे दुसरं. प्रत्येक भागात दोनच खाजगी कंपन्यांना परवाना. आपल्या महाराष्ट्र सर्कलला बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. म्हणजे झोन ठरला आणि दुकानंही ठरली, दोनच.

बाजारात भाजीवाल्या दोघीच असल्या तर भाव काय होतो, हे आपल्याला सांगायला नको. त्या वेळी गर्दीच्या तासांत मिनिटाला सोळा-सतरा रुपयांपर्यंत दर होता. वर आपल्याला आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. म्हणजे आईनं लेकीची खुशाली विचारायला फोन केला, तर लेकीच्या खात्यातूनही पैसे जाणार. मग लोकांनी युक्ती काढली, मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोचले, दोन रिंगा म्हणजे एसटी स्टँडवर घ्यायला या. आपल्याकडच्या बायकांनी कंपनीला एक पैसा न देता संसाराचे निरोप पोचवले. तेव्हा तीच आपली स्कीम होती.

कंपन्यांनी परवान्यासाठी सरकारला प्रचंड रकमा कबूल केल्या होत्या, त्या त्यांना झेपेनात. म्हणून १९९९ च्या धोरणानं ठरलं, की ठरावीक रकमेऐवजी उत्पन्नातला वाटा सरकारला द्यायचा. त्याआधी १९९७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झालं होतं, त्याला आपण ट्राय म्हणतो. कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यात नियम घालणारी ही संस्था. पुढं जे जे आपल्या फायद्याचं झालं, त्यातलं बरंचसं हिच्या नियमांतून आलं. ऑक्टोबर २००० मध्ये बीएसएनएल ही सरकारी कंपनी झाली आणि २००२ मध्ये तिची मोबाइल सेवा सुरू झाली. त्याच वर्षाच्या शेवटी रिलायन्स उतरली. २००३ च्या पावसाळ्यात तिनं ५०१ रुपये भरून मोबाइल हातात देण्याची योजना काढली. कितीतरी घरांतला पहिला मोबाइल तोच. पण त्यात एक गोम होती. त्या हँडसेटमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नव्हतं. कंपनी सोडायची तर नंबरही सोडा आणि फोनही सोडा.

१ मे २००३ ही तारीख मात्र आपण बायकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्या दिवसापासून ज्यानं फोन केला त्यानंच पैसे द्यायचे, असा नियम लागू झाला. येणारा फोन फुकट झाला. ज्यांच्या हातात स्वतःची कमाई नव्हती, अशा बायकांना मोबाइल वापरता आला तो तेव्हापासून.

२००९ च्या जूनमध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा असा दर काढला. त्याआधी मिनिटाचा हिशोब असायचा. एकसष्ट सेकंद बोललात तरी दोन मिनिटांचे पैसे. हे म्हणजे सव्वा लिटर दूध घ्यायचं आणि दोन लिटरचे पैसे मोजायचे. एका कंपनीनं सेकंदाचं माप काढल्यावर बाकीच्यांनाही काढावं लागलं. दुकानं वाढली की माप सुधारतं, ते असं.

दुकानं तर तेव्हा फारच वाढली होती. देशात डझनाहून जास्त कंपन्या झाल्या. रस्त्याकडेला छत्री लावून पोरं सिम विकायची. फोटो आणि झेरॉक्स द्या, सिम फुकट घ्या. पण त्यातल्या कैक कंपन्यांचे परवानेच चुकीच्या पद्धतीनं वाटले गेले होते. २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली दिलेले १२२ परवाने रद्द केले. ज्यांनी त्या कंपन्यांची कार्डं घेतली होती, त्यांच्यावर दुसरं दुकान शोधायची पाळी आली. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत कधीकधी अशी मागाहून कळते.

आता झोनबंदी कधी उठली ते सांगते. २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय सुरू झाली. यालाच आपण पोर्ट करणं म्हणतो. तोवर कंपनी बदलायची म्हणजे नंबर टाकून द्यायचा. आणि नंबर टाकायचा म्हणजे सगळ्या ओळखी टाकायच्या. त्या भीतीनं लोक खराब रेंज आणि महाग दर सोसत राहायचे. कंपन्यांना ते ठाऊक होतं. २०११ नंतर ‘बरं वागवलं नाही तर निघून जाईन’ असं आपण पहिल्यांदा म्हणू शकलो.

तरी एक कुंपण राहिलं होतं. बदल फक्त आपल्या सर्कलमध्येच करता यायचा. लग्न होऊन मुंबईहून कोल्हारला आलेल्या मुलीला मुंबईचा नंबर इथल्या सर्कलमध्ये आणता येत नव्हता. एकाच राज्यात माहेर आणि सासर, पण सर्कलं दोन. ते कुंपण ३ जुलै २०१५ ला निघालं.

मी हे एवढं का सांगते? कारण लग्नात मुलीचं काय काय बदलतं याची यादी आपण करतो, त्यात नंबर कधीच नसतो. माझं लग्न झालं तेव्हा तिसऱ्या दिवशी माझ्या हातात नवं सिम आलं. “आपल्या घरात सगळ्यांची हीच कंपनी आहे, आपसात बोलायला स्वस्त पडतं.” कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण जुन्या सिमबरोबर कॉलेजच्या मैत्रिणी गेल्या, ज्या बाईंनी मला बी.ए.ला नेटानं परीक्षेला बसवलं त्यांचा संपर्क गेला. पोर्टची सोय तेव्हा सुरू झालेली होती. मला माहीत नव्हती, आणि विचारावं असंही सुचलं नाही. कायद्यानं झोनबंदी उठवली होती, घरातली उठली नव्हती.

पुढचा काळ तुम्ही पाहिलाच आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट दिलं. नेट स्वस्त झालं हे खरं. त्यामुळेच आज आपल्या गटाचा पापड-मसाला व्हॉट्सअॅपवर विकला जातो. पण त्या स्पर्धेत लहान कंपन्या टिकल्या नाहीत. रिलायन्स कम्युनिकेशन्सनं फोनसेवा बंद केली, एअरसेलनं दिवाळं काढलं, टाटांचे ग्राहक एअरटेलकडे गेले. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आयडिया म्हणजे आपल्या सर्कलच्या पहिल्या दोन दुकानांपैकी बिर्लांचं दुकान. दुसरं जे बीपीएल, ते आधीच हचच्या हाती गेलं होतं आणि हचची पुढं व्होडाफोन झाली होती. म्हणजे १९९५ ची दोन्ही दुकानं आज एकाच पाटीखाली आहेत. डझनावरून आपण तीन खाजगी आणि एक सरकारी, इथं येऊन पोचलो.

दुकानं कमी झाल्यावर काय झालं? २००५-०६ च्या सुमाराला ‘लाइफटाइम’ नावाची कार्डं निघाली होती. हजाराच्या आत-बाहेर रक्कम एकदाच भरा, येणारे फोन आयुष्यभर चालू. माझ्या सासूबाईंनी मोठ्या हौसेनं घेतलं होतं. २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी दर महिन्याचा कमीत कमी रिचार्ज सक्तीचा केला आणि ती हौस संपली. सासूबाई म्हणाल्या, “मी तर अजून जित्ती हाय की.” लाइफटाइम म्हणजे आपलं आयुष्य नव्हे, कंपनीच्या परवान्याची मुदत, हे बारीक अक्षरात होतं. मग २०१९, २०२१ आणि जुलै २०२४ असे दर चढत गेले. जुलै २०२४ च्या वाढीनंतर लाखो लोक नंबर घेऊन बीएसएनएलकडे गेले. जाता आलं, कारण २०११ चा नियम होता.

आता या इतिहासातून आपण काय घ्यायचं? मी चार गोष्टी सांगते.

पहिली, दिवस मोजा. महिन्याचा रिचार्ज म्हणून जो घेतो, तो बहुतेक वेळा २८ दिवसांचा असतो. वर्षाला २८ चे तेरा रिचार्ज होतात, बारा नव्हे. एक हप्ता जादाचा. गटाच्या कर्जात असा हप्ता कुणी घुसवला तर आपण बैठक डोक्यावर घेऊ. २०२२ च्या जानेवारीत ट्रायनं सांगितलं, की प्रत्येक कंपनीनं किमान एक पॅक ३० दिवसांचं आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारं ठेवलं पाहिजे. दुकानदाराला ते मागा. पॅकची किंमत भागिले दिवस करा, रोजचा खर्च कळेल. मग दोन कंपन्यांचे आकडे शेजारी मांडा.

दुसरी, जे वापरत नाही त्याचे पैसे देऊ नका. साध्या बटणाच्या फोनवर बोलणाऱ्या आजीला रोजचं दीड-दोन जीबी नेट कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम केला, की फक्त बोलणं आणि मेसेज असलेलं पॅकही कंपन्यांनी द्यायलाच हवं. तेही विचारल्याशिवाय कुणी पुढं करत नाही.

तिसरी, रेंज आपल्या जागेवर बघा. पेठेत चांगली रेंज असलेली कंपनी वस्तीवर मुकी असू शकते. गटातल्या बायकांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन एकदा आपल्या ओट्यावर, गोठ्यात आणि रानात लावून पाहा. जाहिरातीपेक्षा ही परीक्षा खरी.

चौथी आणि सगळ्यात मोठी, नंबर जपा आणि कंपनी बदला. ‘पोर्ट’ असं इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि १९०० ला मेसेज करायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो आपल्याकडे साधारण चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आपल्याच सर्कलमध्ये बदल असेल तर कामाचे तीन दिवस लागतात. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत, बिल थकलेलं नको. जुन्या कंपनीतला शिल्लक बॅलन्स मिळत नाही, म्हणून पॅक संपत आल्यावरच बदला. आणि तो कोड फोनवरून कुणालाही सांगू नका, तो म्हणजे आपल्या नंबराची किल्ली.

शेवटी घरातल्या झोनबंदीचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली बायकांना विचारलं होतं, की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? देशातल्या सुमारे ५४ टक्के बायका ‘आहे’ म्हणाल्या. खेड्यात ते प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खेड्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांकडे आपला म्हणावा असा फोनच नव्हता. आणि ज्यांच्याकडे आहे, त्यातल्या कितीजणींचं सिम त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे? ज्याच्या नावावर सिम, त्यालाच पोर्ट करता येतं, हरवलं तर तेच सिम पुन्हा काढता येतं. बाकीच्यांच्या हातात फक्त रिचार्ज करणं उरतं.

आमच्या आक्कांनी आधारला नवा नंबर जोडला, केवायसी झाली. पुढच्या महिन्यात मुलगा पुन्हा एक फुकटचं सिम घेऊन आला, दुसऱ्या कंपनीचं. आक्कांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि परत दिलं. म्हणाल्या, “कंपनी कुठलीबी कर बाबा. नंबर ह्योच राहील, आन् तो माझ्या नावावर राहील.” मुलगा त्यांना घेऊन दुकानात गेला.

आम्ही गटाच्या रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आखला आहे. सभासदाचं नाव, बचत, कर्ज, आणि आता ‘सिम कुणाच्या नावावर’. पहिल्या बैठकीत एकवीसपैकी आठ जणींनी स्वतःचं नाव लिहिलं. या महिन्यात तो आकडा तेरा झाला आहे. तुमच्या गटातही असा रकाना आखा, आणि किती भरला ते मला कळवा.